‘तोंड आलंय’ एवढ्यावर भागत नाही



आमच्या उर्दू शाळेत मी सहावी ते आठवीला मराठी शिकवते. वाक्प्रचारांचा तास आला की मुलं कुरकुरतात. ‘नाक मुरडणे’, ‘कान टोचणे’ ही त्यांना नुसती घोकंपट्टी वाटते. ‘तोंड येणे’ मात्र कधी समजावून सांगावं लागत नाही. उर्दूत ‘मुँह आना’ म्हणतात, अर्थ तोच. दोन्ही भाषा इतक्या सरळ जुळल्या की शिक्षकाचं काम हलकं होतं, म्हणून मला हा वाक्प्रचार आवडायचा. हल्ली आवडत नाही.

कारण या एका शब्दाखाली आपण काय काय खपवतो ते बघा. दोन महिन्यांच्या बाळाच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर आला, तोंड आलं. दहावीच्या मुलीला परीक्षेच्या आधी ओठाच्या आत दोन फोड आले, तोंड आलं. दम्याचा पंप घेणाऱ्या अब्बांच्या टाळूवर पांढरे ठिपके दिसले, तोंड आलं. आणि माझ्या फुफीच्या खालच्या ओठाच्या आत, डाव्या बाजूला, आठ आण्याच्या नाण्याएवढा पांढरा चट्टा होता, तर तिचंही तोंडच आलं होतं. आठ महिने.

त्या आठ महिन्यांत मी स्वतः तिला दोनदा बी-कॉम्प्लेक्सची पाकिटं आणून दिली. मेडिकलवाल्याकडून, तोंड न बघता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते मला आधीपासून माहीत होतं असा कुणाचा समज व्हायला नको. मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. फुफीबरोबर दवाखान्याच्या खेपा घालताना जे विचारून घेतलं, आणि नंतर ज्या दंतवैद्य बाईंनी शाळेत येऊन मुलांची तोंडं तपासली त्यांच्याकडून जे समजून घेतलं, ते इथं मांडते आहे.

फुफी अब्बांची धाकटी बहीण. साठी ओलांडली आहे. पंधराव्या वर्षी लग्न होऊन सासरी गेली आणि तिथं सासूच्या हातून मशेरी शिकली. तव्यावर तंबाखू काळीभोर होईस्तोवर भाजायची, कुस्करून डबीत भरायची. फजरची नमाज झाली की चुलीपुढं बसून चिमूटभर तळहातावर घ्यायची आणि बोटानं हिरड्यांना लावायची. दुपारी रानातून आल्यावर एकदा, निजायच्या आधी एकदा. तिच्या वयाच्या किती बायकांचा दिवस असाच जातो! त्यांना कुणी ‘तंबाखू खाता का’ विचारलं तर त्या अगदी खऱ्या मनानं ‘नाही’ म्हणतात. मशेरी म्हणजे दात घासायची वस्तू, तंबाखू नव्हे, अशी त्यांची समजूत. म्हणून घरातल्या बाईला विचारायचं असेल तर ‘दात कशानं घासतेस’ असं विचारावं.

बकरी ईदला सगळे जमलो होतो. फुफीला डाव्या बाजूनं बोटी चावता येईना. दाढेचा तुकडा उडून ती टोचत होती. ‘जरा बघ गं आत काय झालंय,’ म्हणून तिनं तोंड उघडलं आणि मी मोबाईलची बॅटरी लावली. दाढ बघायची राहिली बाजूला. खालचा ओठ आणि हिरडी यांच्या मधल्या खोबणीत, जिथं ती मशेरी धरून ठेवायची नेमकी तिथंच, कातडी पांढरी आणि सुरकुतलेली. बोट लावलं तर मांजराच्या जिभेसारखं खरखरीत. ‘फुफी, हे दुखत नाही?’ ‘नाही गं. दुखलं असतं तर सांगितलं नसतं का? मूँ आया है, जायेगा.’

दुखत नाही म्हणून काही नसेल, हा आपल्या सगळ्यांचाच हिशेब. तोंडाच्या बाबतीत तो पुष्कळदा उलटा पडतो. तोंडातलं जे झोंबतं, जेवू देत नाही, ते बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत आपोआप बरं होतं. जे न दुखता, न वाढल्यासारखं दिसत महिनोन्‌महिने बसून राहतं, त्याच्याकडेच बघायला हवं.

ओल्या फडक्याची गोष्ट

दंतवैद्य बाईंनी फुफीला खुर्चीत बसवलं आणि पहिली गोष्ट काय केली, तर गॉजचा ओला तुकडा घेऊन तो चट्टा पुसून पाहिला. मला वाटलं, साफ करताहेत. तर तीच तपासणी होती. तोंडातलं पांढरं दिसलं की पहिला प्रश्न हाच, की ते पुसलं जातं की नाही.

पुसून निघतं ते बहुधा वरून बसलेलं असतं. बाळाच्या जिभेवरचं दूध ओल्या मलमलीनं सहज निघतं आणि खाली जीभ गुलाबी असते. तिथं काही करायचं नाही. पण तो थर गालांच्या आत, ओठांच्या आतही असेल, दह्याच्या कवडीसारखा चिकटून बसला असेल, आणि पुसल्यावर खाली लालभडक जागा किंवा रक्ताचा ठिपका दिसत असेल, तर ती बुरशी. कँडिडा नावाची. ती आपल्या सगळ्यांच्याच तोंडात थोडीफार असते, फक्त शरीराची ताकद किंवा तोंडातला समतोल बिघडला की माजते. बाळाला डॉक्टर औषधाचे थेंब देतात आणि ती जाते. पण अंगावर पाजणाऱ्या आईच्या स्तनाग्रांनाही ती लागू शकते, म्हणून दोघांचा इलाज एकदम व्हावा लागतो. नाहीतर बाळाकडून आईला आणि आईकडून पुन्हा बाळाला असं ते चालूच राहतं. बाटली असेल तर बाटलीचं बूच रोज उकळावं.

इथं थोडं थांबून एक गोष्ट नीट सांगायला हवी. आपल्याकडे जुन्या बायका बाळाचं तोंड आलं की टाकणखाराची लाही मधात कालवून लावतात. माझ्या थोरल्या मुलाला माझ्या सासूबाईंनी लावली होती, आणि मी बघत उभी होते. टाकणखार बाळाच्या पोटात गेला तर विषासारखा बाधू शकतो, झटकेसुद्धा येऊ शकतात. मध चांगला, पण एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला तो द्यायचा नाही. मधात कधी कधी असे जंतू असतात जे मोठ्या माणसाला काही करत नाहीत आणि तान्ह्याला मात्र फार गंभीर आजार करतात. सासूबाईंची माया खोटी नव्हती. पण आता आपल्याला कळलं आहे, तर आता नको.

हीच बुरशी मोठ्यांना होते तेव्हा तिच्यामागे काहीतरी कारण असतं, आणि ते शोधावं लागतं. मधुमेह आटोक्यात नसणं हे एक मोठं. बऱ्याच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स हे दुसरं. रात्री कवळी तोंडात ठेवून झोपणं हे तिसरं. कवळी रात्री काढून, ब्रशनं घासून, स्वच्छ पाण्यात ठेवायची असते. दिवसभर दमलेल्या हिरड्यांनाही रात्री मोकळीक लागते. दम्याच्या काही पंपांत स्टेरॉइड असतं. असा पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरून ती थुंकून टाकली की ही बुरशी होण्याची शक्यता कमी होते. रमजानमध्ये सहेरीला घाईनं पंप मारून लगेच नियत बांधणारे माझ्या माहितीत आहेत. त्यांनी पंप पाच मिनिटं आधी घ्यावा आणि चूळ भरावी, एवढंच. आणि काही कारण दिसत नसताना, धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या तोंडात बुरशी पुन्हा पुन्हा येत असेल, तर डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. तेव्हा लाजून टाळू नये.

परीक्षेच्या वेळचे ते फोड वेगळे. मधे पांढरं-पिवळसर, कडेला लाल वर्तुळ, आणि मिठाचा कण लागला तरी डोळ्यांत पाणी. ते चट्टे नसून छोट्या जखमा असतात आणि सात ते चौदा दिवसांत भरतात. वारंवार येत असतील तर लोह किंवा बी-12 कमी पडतंय का ते बघावं. बी-कॉम्प्लेक्सचा जो काही उपयोग आहे तो इथं, आणि तोही रक्त तपासून. फुफीच्या चट्ट्यावर नव्हे.

दाढ दुखते म्हणून ॲस्पिरिनची गोळी गालात धरून झोपणारेही आहेत. लवंगाचं तेल नुसतंच चोळणारे आहेत. पानाला चुना जास्त लागला की गाल भाजतो, हे तर पान खाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. या सगळ्यांनी कातडी भाजते आणि पांढरी होऊन सोलते. कारण थांबवलं की आठ-पंधरा दिवसांत जागा पूर्ववत होते. ॲस्पिरिन गिळायची असते, दाढेला लावायची नसते, हे आम्हा शिकलेल्यांनाही सांगावं लागतं.

आता काही बिनधोक पांढरंही सांगून टाकते, नाहीतर हे वाचून कुणी आरशासमोर घाबरून बसायची. गालाच्या आत, दात जिथं एकमेकांवर मिटतात त्या रेषेत, एक बारीक पांढरी रेघ पुष्कळांना असते. ती दातांच्या घर्षणाची. गाल चावायची सवय असेल तर तिथं पांढरे पापुद्रे दिसतात. जिभेवर नकाशासारखे आकार उमटतात आणि दर आठवड्याला जागा बदलतात, त्यालाही काही औषध लागत नाही. ओठाच्या आत साबुदाण्याहून बारीक पिवळसर दाणे दिसतात ते तेलाच्या ग्रंथी. यांना सोडून द्या.

जे पुसलं जात नाही

फुफीचा चट्टा पुसला गेला नाही. बाईंनी मग तो बोटानं दाबून पाहिला, जीभ बाहेर ओढून दोन्ही कडा पाहिल्या, जिभेखाली पाहिलं, गळ्याच्या गाठी चाचपल्या. मला म्हणाल्या, ‘याला आम्ही ल्युकोप्लाकिया म्हणतो. पण हे नाव रोगाचं नाही. पांढरा चट्टा आहे, पुसत नाही आणि दुसऱ्या कशानं झाल्यासारखा दिसत नाही, एवढंच त्याचा अर्थ. आत काय चाललंय ते नावावरून कळत नाही.’

त्यांनी लगेच काही कापाकापी केली नाही. टोचणारी दाढ घासून गुळगुळीत केली, मशेरी पूर्ण बंद करायला सांगितली आणि दोन आठवड्यांनी बोलावलं. हे दोन आठवडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. तोंडात काहीही असो, पांढरं, लाल, जखम, गाठ. त्याचं वरवरचं कारण काढून टाकल्यावरही दोन आठवड्यांत ते गेलं नाही, तर ते घरगुती इलाजाचं राहिलेलं नाही. हळद, कात, नारळाचं तेल, जेल, गोळ्या, सगळं थांबवून दाखवायला जायचं.

दोन आठवड्यांनी चट्ट्याच्या कडा विरळ झाल्या होत्या. मध्य तसाच. तेव्हा तुकडा काढून तपासायचं ठरलं, आणि खरी अडचण तिथं आली. फुफी म्हणाली, ‘कापलं की पसरतं. मी नाही यायची.’ तिच्या शेजारच्या घरातल्या माणसाचं असंच झालं होतं. तुकडा काढला आणि चार महिन्यांत तो गेला. गावात या गोष्टीचा अर्थ एकच निघतो. बाईंनी तिला विचारलं, ‘ते दवाखान्यात गेले तेव्हा तोंड उघडत होतं का?’ ‘नाही.’ ‘गळ्याला गाठ होती?’ ‘लिंबाएवढी.’ ‘मग फुफी, ते उशिरा गेले. तुकडा काढल्यानं नाही पसरलं. पसरलं होतं म्हणून तुकडा काढायची वेळ आली.’ फुफी त्या दिवशी काही बोलली नाही. चार दिवसांनी तिनंच फोन केला, ‘कधी जायचं ते सांग.’

सुन्न करायची सुई, मसुराच्या डाळीएवढा तुकडा, दोन टाके. अहवाल आला तो असा, की पेशी बदलायला लागल्या आहेत, कर्करोग मात्र नाही. मग तो सगळा चट्टाच काढून टाकला. आता दर तीन महिन्यांनी दाखवायला जातो. चट्टा काढला म्हणजे काम संपलं असं नसतं. तो परत येऊ शकतो, तोंडात दुसरीकडेही येऊ शकतो.

सगळेच असे चट्टे कर्करोगाकडे जात नाहीत. बहुतेक जात नाहीत. तंबाखू सुटली की बरेच विरूनही जातात. पण कुठला जाईल आणि कुठला नाही हे डोळ्यांनी सांगता येत नाही, म्हणून तपासणी. काही खुणा मात्र जास्त काळजीच्या. पांढऱ्यात लाल ठिपके मिसळलेले असणं, नुसताच मखमली लाल चट्टा असणं, तो जिभेच्या कडेला किंवा जिभेखाली असणं, चट्टा जाड, खडबडीत होत जाणं. आणि ज्यांनी आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही त्यांना असा चट्टा आला तर तो हलक्यानं घेऊ नये. उलट त्यांच्या चट्ट्याकडे डॉक्टर अधिक बारकाईनं बघतात.

आणखी एक पांढरं आहे जे चाळिशी-पन्नाशीच्या बायकांत पुष्कळ दिसतं. दोन्ही गालांच्या आत पांढऱ्या रेघांची जाळी, क्रोशाच्या लेससारखी. तिखट खाल्लं की झोंबतं. याला लायकेन प्लेनस म्हणतात. हा संसर्ग नाही. एका ताटात जेवल्यानं होत नाही, की कुणाची नजर लागूनही होत नाही. शरीराची आपलीच संरक्षणाची यंत्रणा आपल्याच कातडीवर उलटते, तसला प्रकार. मलमानं आराम पडतो, पुन्हा उठतं, पुन्हा आराम पडतो. यालाही वर्षातून एक-दोनदा दाखवत राहावं लागतं.

बघायचं कसं

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून एक मोठं काम झालं. साध्या पदवीधर मुलामुलींना शिकवून तयार केलं, ते घरोघर गेले आणि उजेडात लोकांच्या तोंडात डोळ्यांनी पाहून आले. ज्यांच्यात काही संशयास्पद दिसलं त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. 2005 साली निष्कर्ष आले तेव्हा दिसलं, की तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले होते. भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग हा सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग आहे. पोटातला रोग यंत्राशिवाय दिसत नाही, हा रोग तोंड उघडलं की दिसतो. तरी लोक दवाखान्यात पोचतात ते गाठ लिंबाएवढी झाल्यावर.

आपण तर वुजू करताना दिवसातून पाच वेळा चुळा भरतो. पाणी रोज आत जातं, नजर जात नाही. महिन्यातल्या एखाद्या जुम्म्याला, आंघोळ झाल्यावर, खिडकीच्या उजेडात आरसा घेऊन बसा. कवळी असेल तर काढून ठेवा. खालचा ओठ उलटा करून बघा, मग वरचा. बोटानं गाल बाहेर ओढून आतली बाजू बघा, हिरड्यांमागच्या खोबणीपर्यंत. जीभ बाहेर काढून स्वच्छ रुमालानं धरा आणि दोन्ही कडा बघा, जीभ टाळूला लावून खालची जागा बघा. मान मागे टाकून टाळू. दोन मिनिटांचं काम आहे. घरातल्या म्हाताऱ्यांचं आपण बघावं, कारण त्यांना आरशात दिसत नाही आणि दिसलं तरी त्या सांगत नाहीत.

पुरुष डॉक्टरसमोर नकाब काढून तोंड उघडायला आपल्याकडच्या काही बायका तयार होत नाहीत. त्यांच्यासाठी वाद घालण्यापेक्षा लेडी डॉक्टर शोधणं सोपं. दंतवैद्यकीत आज मुली पुष्कळ आहेत. तालुक्याला नसली तर जिल्हा रुग्णालयात दंत विभाग असतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, तिथं तपासणी आणि तुकड्याची चाचणी खासगीपेक्षा पुष्कळ स्वस्तात होते. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा सरकारी मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलतात. फुफीनं त्यावर फोन केला नाही. तिला मशेरीशिवाय पोट साफ होत नाही असं वाटायचं, पहिले दहा दिवस डोकंही फार दुखलं. ती तोंडात बडीशेप धरून राहिली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा डबी तिनं स्वतः चुलीत घातली.

आठवीतला एक मुलगा

मागच्या वर्षी शाळेच्या जेवणात एक मुलगा रोज आमटी बाजूला सारून नुसता भात पाणी घालून खायचा. ‘तिखट लागतं, बाई.’ आमच्या स्वयंपाकवाल्या मावशींची आमटी तिखट? मुलं तर मीठ-मिरची नाही म्हणून तक्रार करतात. मला वाटलं, नखरे. पण तोच मुलगा वर्गात प्रकट वाचन करताना शब्द चघळल्यासारखे बोलायला लागला होता. त्याच सुमारास दंतवैद्य बाई शाळेत आल्या होत्या. त्यांनी सगळ्या मुलांना आपली मधली तीन बोटं उभी जुळवून दातांच्या मधे घालायला सांगितली. मुलांना खेळच वाटला. त्याची दोनच गेली.

गालांच्या आत गुलाबी रंग राहिला नव्हता. संगमरवरासारखं फिकं पांढरं, आणि बोटाला दोरीसारखे ताणलेले पट्टे. हे पांढरं पुसायचा प्रश्नच नव्हता, कारण ते वर नव्हतं, आत होतं. कातडीखालचा लवचीक भाग आक्रसून घट्ट होत जातो, त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. 1952 साली केनियात राहणाऱ्या भारतीय वंशाच्या पाच बायकांमध्ये एका डॉक्टरनं तो पहिल्यांदा नोंदवला. देश कुठलाही असो, कारण आपल्याबरोबर गेलेलं होतं. सुपारी.

तंबाखू नव्हे, नुसती सुपारी. आपल्या घरांत हे ऐकून घेणं जड जातं. छालिया आपल्या पानदानातली मानाची वस्तू. मंगनीला, निकाहला, मय्यतीच्या घरी बसलेल्यांनाही सुपारीचं तबक फिरतं. मुलांच्या हातावर आपणच गोड सुपारीची पुडी ठेवतो. तंबाखू तर नाही ना त्यात! पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 साली सुपारीला, तंबाखूशिवायच्या सुपारीलासुद्धा, कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलं आहे. महाराष्ट्रात 2012 पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे. पण मावा आणि खर्रा टपरीवर हातानं घोटून मिळतोच, आणि गोड सुपारी तर किराणा दुकानाच्या दारातच टांगलेली असते, लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला.

या मुलाच्या वडिलांची पानाची टपरी आहे. शाळा सुटल्यावर तो तिथं बसायचा. मी घरी गेले तेव्हा त्यांनी आधी चहा मागवला, मग म्हणाले, ‘मी त्याला कधी तंबाखू लावू दिली नाही, आपा. कसम खाऊन सांगतो.’ ते खरंच होतं. मी त्यांना मुलाच्या तोंडात दोन बोटं घालून दाखवली. ते आपली तीन बोटं आपल्या तोंडात घालून बघत राहिले. मग म्हणाले, ‘मी नाही विकलं तर समोरचा विकेल.’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मुलगा मात्र दुसऱ्या दिवसापासून टपरीवर बसायचा बंद झाला.

आक्रसलेलं पूर्वीसारखं होत नाही, हे बाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. सुपारी सुटली तर ते तिथंच थांबू शकतं, व्यायामानं, काहींना इंजेक्शननं थोडं सैल होतं. यालाही पुढं कर्करोगाचा धोका असतो, म्हणून सहा महिन्यांनी तोंड दाखवत राहायचं. व्यायाम साधा आहे. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमधे धरायच्या, मिनिटभर थांबायचं, सवय झाली की एक काडी वाढवायची. काड्यांचा गठ्ठा माझ्या टेबलाच्या खणात असतो. पहिली घंटा व्हायच्या आधी तो येतो, खिडकीपाशी उभा राहतो, आणि मी हजेरी काढेपर्यंत काड्या मोजतो.

सुरुवातीला सतरा होत्या. गेल्या शुक्रवारी अठरावी बसली.